बाबांच्या पोटातल्या नऊ गाठी आणि १९८९ सालची पानथरी

काटोलकर | रविवार, रात्री ११:२०

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे बाबा ६४ वर्षांचे. काटोलजवळ आमची संत्र्याची बाग. आंबिया बहाराचं पाणी सोडायच्या दिवसांत त्यांना जेवल्यावर पोट गच्च वाटायला लागलं. 'ॲसिडिटी होऊन राहिली' म्हणत त्यांनी महिना काढला. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. शेवटी गाडी घेऊन गेलो आणि जबरदस्तीनं आणलं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पहिली पाच मिनिटं माझ्याशी क्रिकेटवर बोलत होते. प्रोब डाव्या बरगडीखाली गेला आणि बोलणं बंद झालं. मग म्हणाले, सिटी स्कॅन करून घ्या, कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन.

सिटीच्या काउंटरवर फॉर्म भरायचा होता. बीपी, शुगर, ॲलर्जी, आधीचं ऑपरेशन. बाबांच्या पोटावर ऑपरेशनची खूण आहे हे मला लहानपणापासून माहीत. घरात तिला 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच म्हणतात. मागं बाबा खुर्चीत डुलक्या घेत होते, रांगेतला माणूस घाई करत होता, आणि मी लिहून टाकलं, 'अपेंडिक्स'. हा एक शब्द आम्हाला अकरा दिवस महागात पडला.

रिपोर्ट आला. छाती-पोटामधल्या पडद्याखाली डावीकडे, डाव्या किडनीच्या शेजारी, आतड्यावरच्या चरबीत आणि खाली ओटीपोटात मिळून नऊ गाठी. सगळ्यात मोठी ३.२ सेंटिमीटर. शेवटच्या परिच्छेदात ठळक अक्षरात, 'पेरिटोनियमवर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) पसरलेल्या गाठी, मेटास्टॅसिसची शक्यता, बायोप्सी सुचवली आहे.' धंतोलीच्या गल्लीत गाडीत बसून मी 'मेटास्टॅसिस' मोबाइलवर शोधला. कॅन्सर दुसरीकडे पसरणं. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "काय लिवलं बे?" मी म्हटलं, गॅस आहे.

पहिल्या सर्जननी सांगितलं, मूळ कुठं आहे ते शोधावं लागेल, दुर्बिणीनं पोटात बघून तुकडा घेऊ. त्यांना दोष नाही. अपेंडिक्स निघालेल्या माणसाच्या पोटात नऊ गाठी दिसल्यावर दुसरं काय म्हणणार? एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी, कॅन्सरसाठीची सीईए ही रक्ततपासणी झाली. सगळं साफ. साफ रिपोर्ट आला की आनंद व्हायला पाहिजे, पण आमची भीती वाढायची. मूळ सापडत नाही म्हणजे लपून बसलं आहे, असं वाटायचं. आईनं देवघरासमोरून उठायचं सोडलं.

दुसरं मत घ्यायला आम्ही एका वयस्कर सर्जनकडे गेलो. त्यांनी सिटीची फिल्म बघितलीच नाही आधी. बाबांना झोपवलं, बनियान वर केली आणि छातीच्या हाडाखालपासून बेंबीच्या खालपर्यंत आलेल्या त्या पांढुरक्या रेघेवर बोट ठेवलं. "हे काय आहे?" मी म्हटलं, अपेंडिक्स. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "अपेंडिक्ससाठी एवढं पोट कोण उघडते? ते उजवीकडे खाली असते."

तेव्हा बाबा बोलले. त्या अकरा दिवसांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. "मेटॅडोर उलटली होती ना जी. संत्रा भरून येऊन राहिलो होतो नागपूरले. पानथरी फुटली म्हणे, काढून टाकली."

उरलेलं उद्या. झोप येऊन राहिली.

तर्रीबाज | रविवार, रात्री ११:४१

अरे बाप्पा! असं कुठं तोडतात का भाऊ? काका ठीक आहेत एवढं तरी सांग आणि मग झोप.

काटोलकर | रविवार, रात्री ११:४४

ठीक आहेत. आजच दोन प्लेट तर्री-पोहे हाणले.

धरमपेठी | सोमवार, सकाळी ७:०५

पानथरी म्हणजे प्लीहा ना? माझी आजी म्हणायची, मलेरियात पोराची पानथरी वाढली. पण काढून टाकलेली प्लीहा परत पोटात कशी दिसेल?

काळी_फिल्म | सोमवार, सकाळी ८:३०

रेडिओलॉजीत शिकतोय, ड्यूटीवर जायच्या आधी घाईत लिहितो.

याला स्प्लिनोसिस म्हणतात. प्लीहा मऊ आणि रक्तानं भरलेली असते. अपघातात ती फुटली की तिचे कण, तुकडे पोटभर सांडतात. सर्जन मुख्य प्लीहा काढतात, रक्त पुसून घेतात, तरी काही कण राहतातच. हे कण जिथं चिकटतील तिथल्याच बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त घेतात आणि वाढतात. काही महिन्यांनी सापडतात, कधी तीस-चाळीस वर्षांनी सापडतात. स्प्लिनोसिस हा शब्द १९३९ साली बुखबाइंडर आणि लिपकॉफ या दोघांनी वापरात आणला. त्यांच्या रुग्ण बाईंचं पोट एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणं) समजून उघडलं होतं, आत निघाली प्लीहा. म्हणजे फसगत या आजाराच्या बारशापासूनची आहे.

फुटलेल्या प्लीहेच्या रुग्णांत हे दुर्मीळ नाही, काही लेखांत तर निम्म्याहून अधिक जणांत होतं असं दिलंय. त्रास काहीच नसतो म्हणून कळत नाही. दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन केला की दिसतं.

याची गल्लत होते ॲक्सेसरी स्प्लीनशी, म्हणजे उपप्लीहेशी. ती जन्मतः असते. दहातल्या एक ते तीन माणसांत सापडते, बहुतेक वेळा मूळ प्लीहेच्या दाराशी. एखाद-दुसरीच असते, गोल असते आणि तिला रक्त प्लीहेच्याच धमनीच्या फांदीतून येतं. स्प्लिनोसिसच्या गाठी अनेक असतात, आकार वेडावाकडा, स्वतःची ठळक रक्तवाहिनी नाही, आणि जागेचा काही नेम नाही. पडदाही फाटलेला असेल तर डाव्या छातीत, फुफ्फुसाच्या आवरणावरसुद्धा.

काटोलकर, एक विचारू? तुमच्या सिटी रिपोर्टमध्ये 'प्लीहा' या मथळ्याखाली काय लिहिलं होतं?

काटोलकर | सोमवार, दुपारी १:१५

जखमेवर मीठ चोळलंत. आत्ता काढून बघितलं. पहिल्या पानावर, मधोमध, साध्या अक्षरात: 'प्लीहा दिसत नाही. पूर्वेतिहासाशी ताडून पाहावे.' आम्ही सगळे शेवटचा परिच्छेद वाचून घाबरलो, मधलं पान कोणी वाचलंच नाही. मी तर नाहीच.

काळी_फिल्म | सोमवार, दुपारी १:४०

तेच वाटलं होतं. ते वाक्य लिहिणाऱ्याला शंका आली होती. पण फॉर्मवर अपेंडिक्स होतं, आणि रिपोर्ट लिहिताना रुग्ण समोर नसतो. आम्ही अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसतो, रुग्णाचं पोट आम्हाला आतून दिसतं, बाहेरून नाही. चिरा बघायला मिळत नाही.

शंकासुर | सोमवार, दुपारी ३:२२

सगळं छान आहे, पण मला हा धागा जरा धोक्याचा वाटतो. उद्या कोणी खऱ्या कॅन्सरचा माणूस हे वाचून म्हणेल, मला पण लहानपणी मार लागला होता, बायोप्सी नको. प्लीहा काढलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे?

काटोलकर | सोमवार, रात्री १०:०५

शंकासुर, अगदी हेच त्या सर्जननीही सांगितलं. "जुना चिरा बघून मी अंदाज बांधला. अंदाजावर माणूस घरी पाठवत नाही." त्यांनी दोन गोष्टी करायला लावल्या. जुना कागद शोधा आणि एक स्कॅन करा.

कागद आईच्या लोखंडी पेटीत निघाला. लग्नाचा शालू, बाबांच्या सातबाऱ्याच्या नकला, आणि त्याखाली घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. मार्च १९८९. निळ्या शाईत 'रप्चर्ड स्प्लीन, स्प्लिनेक्टमी', म्हणजे फुटलेली प्लीहा काढली. आईला हे पस्तीस वर्षं माहीत होतं, पण तिला कोणी स्प्लिनेक्टमी विचारलं नव्हतं आणि पानथरी तर कोणीच विचारलं नव्हतं. तेव्हा मी दोन वर्षांचा. मला आठवते ती फक्त ऐकीव गोष्ट, की काटोल रोडवर मृगाचा माल सांडला होता आणि लोकं टोपल्या भरून घेऊन गेले. बाबा ती गोष्ट सांगताना अजूनही संत्र्याचाच हिशेब सांगतात, पोटाचा नाही.

आता स्कॅन. गॅमा कॅमेऱ्याच्या खोलीत बाबांना नेलं. आधी हातातून रक्त काढलं आणि ते आत घेऊन गेले. बाबा मला म्हणाले, "तपासाले नेलं का?" मी म्हटलं, नाही, तेच रक्त परत देणार आहेत. आतल्या मुलीनं सांगितलं, काका, तुमचं रक्त गरम करून राहिलो. बाबा ताडकन उठून बसले. "काहून? माह्यं रक्त का चहा आहे?"

सहा_तास | सोमवार, रात्री १०:३८

हा हा. माझं काम तेच. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. तुमच्या बाबांचं रक्त मी तापवलेलं नाही, पण असं बऱ्याच जणांचं तापवलंय, म्हणून सांगते.

प्लीहेचं एक काम म्हणजे म्हाताऱ्या, बिघडलेल्या लाल पेशी गाळून घेणं. चांगली लाल पेशी लवचीक असते, प्लीहेच्या बारीक फटींतून वाकून निघून जाते. पेशी ताठ झाली की अडकते. आम्ही याचाच फायदा घेतो. रुग्णाचं थोडं रक्त काढायचं, लाल पेशींना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य चिकटवायचं, आणि मग ती बाटली पाण्याच्या बाथमध्ये ४९.५ अंशांवर साधारण १५ मिनिटं ठेवायची. पेशी मरत नाहीत, फुटायलाही नकोत, फक्त ताठ आणि गोलसर व्हायला हव्यात. तापमान कमी पडलं तर पेशी तशाच अंगभर फिरत राहतात. जास्त झालं तर त्या फुटतात किंवा यकृतात जाऊन बसतात. म्हणून त्या पंधरा मिनिटांत मी थर्मामीटरवरून नजर हलवत नाही. नागपूरच्या मे महिन्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त, एवढंच समजा.

मग रक्त थंड करून परत त्याच माणसाला. नाव, वय, चिठ्ठी, सगळं दोनदा पडताळून, कारण इथं एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं तर संपलंच. अर्ध्या तासानं कॅमेऱ्याखाली. जिथं प्लीहेची ऊती आहे तिथं त्या ताठ पेशी जाऊन अडकतात आणि पडद्यावर ठिपका पेटतो. कॅन्सरची गाठ लाल पेशी अशी गाळून धरत नाही. म्हणून ही तपासणी एवढी नेमकी.

काही ठिकाणी सल्फर कोलॉइड वापरतात. तेही चालतं, पण त्यातला बहुतेक भाग यकृत खाऊन टाकतं आणि यकृताच्या आत किंवा शेजारी असलेली गाठ त्या झगमगाटात हरवते.

तारीख घेतली की पाळा, एवढी विनंती. टेक्नेशियमचं आयुष्य सहा तासांत निम्मं होतं. ते ज्या जनरेटरमधून काढतो त्यातल्या मोलिब्डेनमचं ६६ तासांत. म्हणजे आठवड्याच्या शेवटी जनरेटर दमतो. लोक 'लग्न होतं, उद्या येतो' म्हणतात. माल उद्यापर्यंत राहत नाही.

तर्रीबाज | सोमवार, रात्री १०:५०

सहा_तास, आता नावाचा अर्थ कळला. मला वाटलं तुम्ही सहाच तास झोपता.

सहा_तास | सोमवार, रात्री १०:५२

तेवढंही नाही.

वर्धेची_सून | मंगळवार, सकाळी ९:१०

किरणोत्सर्गाचं काही भय नाही का? घरात लहान बाळ असेल तर?

सहा_तास | मंगळवार, सकाळी ९:४५

मात्रा थोडी असते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत जवळपास विरून जाते. त्या दिवशी पाणी भरपूर प्या, बाळाला मांडीवर घेऊन बसू नका, गरोदर बाईपासून जरा लांब राहा. पेशंट बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर ते आधीच सांगायचं.

काटोलकर | मंगळवार, दुपारी २:३०

पुढचं सांगतो. आमच्या पडद्यावर ठिपके पेटले. सर्जननी सिटी आणि ही प्रतिमा एकावर एक ठेवून दाखवली, स्पेक्ट-सिटी म्हणतात त्याला. छातीच्या पडद्याखालची गाठ, किडनीजवळची, ओटीपोटातली, एकेक मोजत गेलो. एक, दोन, तीन... आठ.

गाठी नऊ होत्या.

नववी आतड्याच्या चरबीतली, सहा-सात मिलिमीटरची. ती पेटली नाही. आम्ही सगळे हसत होतो ते तिथंच थांबलो.

शंकासुर | मंगळवार, दुपारी २:४१

हेच म्हणत होतो मी. मग?

काळी_फिल्म | मंगळवार, दुपारी ४:००

एवढी बारीक गाठ कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटू शकते. गॅमा कॅमेरा सेंटिमीटरच्या खाली अडखळतो. त्यामुळे 'पेटली नाही' म्हणजे 'प्लीहा नाही' असं होत नाही, आणि 'प्लीहाच आहे' असंही होत नाही. इथं एमआरआय कामाला येतो. प्लीहेची ऊती प्रत्येक सिक्वेन्समध्ये, म्हणजे एमआरआयच्या प्रत्येक प्रकारच्या फोटोत, प्लीहेसारखीच वागते. टी-वनवर काळसर, टी-टूवर उजळ, डिफ्युजनवरही चमकते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत मोठ्या गाठींत झेब्र्याच्या अंगासारखे पट्टे उमटतात, मग सगळं एकसारखं होतं. बारीक गाठीत पट्टे दिसतीलच असं नाही. पण पेटलेल्या आठ गाठींशी तिची तुलना करता येते. एकाच ताटातला भात आहे की नाही ते कळतं.

काटोलकर | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

तेच केलं. एमआरआयमध्ये नववी बाकीच्या आठांसारखीच दिसली. सर्जन म्हणाले, "माझी खात्री झाली, पण मी सहा महिन्यांनी परत बघीन." शंकासुर, बायोप्सी त्यांनी टाळली ती भीतीपोटी नाही. प्लीहेत सुई घातली की रक्तस्राव होतो, आणि आठ गाठींचं उत्तर सुई न घालता मिळालं होतं. पेटली नसती तर घातली असती, असं स्पष्ट म्हणाले.

पोट गच्च व्हायचं कारण शेवटी काय निघालं विचाराल, तर एच. पायलोरी, जठरातला जिवाणू. चौदा दिवसांच्या गोळ्या.

स्लाइडखालून | मंगळवार, रात्री ९:२०

पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईचा विषय निघालाय म्हणून आमची बाजू.

सुईनं काढलेल्या नमुन्यात प्लीहा मला लिम्फोसाइट, बारीक रक्तवाहिन्या आणि थोड्या इतर पेशी अशी दिसते. इतिहास माहीत नसेल तर 'लिम्फ नोड' किंवा 'सौम्य लिम्फोमाची (लिम्फ पेशींच्या कॅन्सरची) शंका' लिहायला हात शिवशिवतो. त्या गल्लीतून मी स्वतः गेले आहे. सेल ब्लॉकवर (त्या पेशींच्या मेणातल्या वडीवर) सीडी८ ही रंगचाचणी लावली की प्लीहेच्या सायनसचं अस्तर रंगतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर एरवी तसं रंगत नाही. पण ती लावायचं सुचलं पाहिजे. सुचतं कधी? चिठ्ठीवर 'प्लीहा काढलेली' असं लिहिलं असेल तेव्हा.

आणि एक फार स्वस्त गोष्ट. रक्ताचा साधा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरून बघितलेला थेंब. लाल पेशीत केंद्रकाचा एखादा उरलेला कण राहिला तर प्लीहा तो टिपून काढते. प्लीहा नसली की ते कण तसेच दिसतात, जांभळ्या शाईचा एक गोल ठिपका. हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. प्लीहा काढून वर्षं झालेल्या माणसाच्या स्मिअरमध्ये हे ठिपके सापडतच नसतील तर समजावं, पोटात कुठंतरी प्लीहेचं काम चालू आहे. यावरून गाठ कोणती ते कळत नाही, पण शंका योग्य दिशेला वळते. काटोलकर, बाबांचा स्मिअर बघितला होता का?

उलटीही गोष्ट विदर्भात रोज दिसते. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा जागेवर असूनही हळूहळू सुकते, आणि हॉवेल-जॉली दिसायला लागतात. आपल्याकडच्या सिकलमध्ये मात्र बरेचदा पानथरी मोठेपणीही वाढलेलीच सापडते. पुस्तकातलं सिकल आणि आपल्या ओपीडीतलं सिकल यात फरक आहे. असो, विषयांतर झालं.

काटोलकर | मंगळवार, रात्री ९:४४

स्मिअर दुसऱ्या सर्जननी मागवला होता. रिपोर्टमध्ये 'हॉवेल-जॉली बॉडी दिसल्या नाहीत' असं होतं. मला तेव्हा वाटलं, नाहीत म्हणजे चांगलं आहे, एवढंच.

गोरेवाडा | मंगळवार, रात्री १०:३०

सगळ्यांना नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या मोठ्या बहिणीला स्वादुपिंडाच्या शेपटीत दीड सेंटिमीटरची गाठ सापडली. गॅलियमवाल्या डोटाटेट पेट स्कॅनमध्ये ती चांगलीच चमकली, म्हणून न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) असेल म्हणून राहिले. ऑपरेशनची तारीख पडलीय. अपघात, ऑपरेशन काही झालेलं नाही. तरी हा धागा वाचून झोप उडाली.

काळी_फिल्म | मंगळवार, रात्री ११:०५

ताई, इथं बसून मी तुमच्या बहिणीचं निदान करणार नाही. पण डॉक्टरांना विचारायचा प्रश्न सांगतो. उपप्लीहा स्वादुपिंडाच्या शेपटीतही असू शकते, प्लीहेच्या दाराखालोखाल दुसऱ्या क्रमांकाची जागा तीच. आणि डोटाटेटमध्ये प्लीहा स्वतःच सगळ्यात जास्त चमकणाऱ्या अवयवांपैकी एक आहे, कारण तिच्यात सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर भरपूर, आणि डोटाटेट त्यांनाच चिकटतं. म्हणून चमकली एवढ्यावर ट्यूमर ठरत नाही. विचारा, 'ही आतली उपप्लीहा नाही हे कशावरून? एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरच्या प्रत्येक फेजला (टप्प्याला) प्लीहेसारखी दिसते का? तापवलेल्या लाल पेशींचा स्कॅन करावा का?' उत्तर 'हो, आम्ही ते पाहिलंय' असं आलं तर ऑपरेशन टाळू नका. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर खरेच असतात.

गोरेवाडा | मंगळवार, रात्री ११:१२

लिहून घेतलं. उद्याच जाते.

मोरभवन | बुधवार, सकाळी ६:५५

आमच्या गावात एक वैद्य आहेत, ते प्लीहेवर उन्हाळीचा काढा देतात. शरपुंखा म्हणतात तिला. तिचं संस्कृत नावच प्लीहशत्रू. गाठी विरघळतील.

तर्रीबाज | बुधवार, सकाळी ७:२०

भाऊ, इथं पानथरी शत्रू नाही ना. बिचारी पस्तीस वर्षांपासून फुकट काम करून राहिली आणि तुम्ही तिच्यावर शत्रू सोडता.

धरमपेठी | बुधवार, सकाळी ११:३०

मग या गाठी काढायच्या नाहीत का? आणि प्लीहा परत उगवली म्हणजे इन्फेक्शनचं भय गेलं, असं समजायचं का?

स्लाइडखालून | बुधवार, दुपारी १२:१५

त्रास नसेल तर हात लावत नाहीत. क्वचित एखादी गाठ पिळवटते, तिच्यातून रक्तस्राव होतो किंवा तिच्यामुळे आतडं अडकतं, तेव्हा काढावी लागते. अजून एक कारण म्हणजे आयटीपीसारखा आजार. प्लेटलेट खाते म्हणून प्लीहा काढली, काही वर्षं बरं, आणि परत प्लेटलेट उतरल्या, तर राहून गेलेली उपप्लीहा किंवा हे कण शोधतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे 'नाही'. हे तुकडे थोडंफार गाळण्याचं काम करतात, पण मूळ प्लीहेचा रक्तपुरवठा, तिची रचना त्यांना नसते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस या जिवाणूंनी प्लीहा काढलेल्या माणसाचं रक्त काही तासांत विषारी होऊ शकतं. स्प्लिनोसिस असूनही असं झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून तिन्ही लसी आणि दर वर्षी फ्लूची. थंडी वाजून ताप आला की क्रोसीन घेऊन झोपायचं नाही, दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, माझी प्लीहा काढलेली आहे. गडचिरोलीकडे जाणं-येणं असेल तर मलेरियाची धास्ती अधिक. आणि कुत्रा चावला तर रेबीजच्या इंजेक्शनसोबत ही गोष्टही डॉक्टरांना सांगायची. कुत्र्याच्या लाळेत एक जिवाणू असतो, तो अशा माणसांना फार वाईट भोवतो. आपल्या गल्ल्यांतली कुत्री बघता हे वेगळं सांगायला नको.

काटोलकर, बाबांना लसी दिल्या होत्या का १९८९ साली?

काटोलकर | बुधवार, रात्री ८:४०

नाही. कार्डावर तसं काही नाही, आणि पुढं कोणाला कळलंच नाही की द्यायच्या असतात. आता दिल्या.

बाबांना हे सगळं मी बसून समजावलं. गाठी का उगवल्या, त्यांना रक्त कुठून मिळतं, ते. मी आपला 'ऊती', 'प्रत्यारोपण' करत होतो. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे डोळा भरला म्हण ना. संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बसते तसा. झाड गेलं, पण डोळे सांडले, जिथं ओल भेटली तिथं लागले." आयुष्यभर कलमं बांधणाऱ्या माणसाला मी प्रत्यारोपण शिकवत होतो.

गोरेवाडा | पुढच्या मंगळवारी, दुपारी ३:१०

कळवायचं राहिलं. डॉक्टर रागावले नाहीत. एमआरआय परत बघितला, म्हणाले प्लीहेशी जुळत नाही, धमनीच्या फेजमध्ये वेगळी दिसते. तरी शंका नको म्हणून लाल पेशींचा स्कॅन केला. गाठ पेटली नाही. ऑपरेशन शुक्रवारी आहे. आता मात्र आम्ही डोळे उघडे ठेवून जातोय.

शंकासुर | पुढच्या मंगळवारी, दुपारी ३:२५

ताई, शुभेच्छा. माझी धास्ती होती ती याचसाठी. धाग्याबद्दलचे शब्द मागे घेतो.

काटोलकर | सहा महिन्यांनी, शनिवार, रात्री ९:००

धागा वर आणतोय. काल बाबांचा परत सिटी झाला. नऊच्या नऊ गाठी तेवढ्याच, नववीसुद्धा मिलिमीटरभर हललेली नाही.

काउंटरवर तोच फॉर्म होता. मी पेन काढलं तर बाबांनी हात धरला. "तू नको लिहू. मी सांगतो तसं लिही." मग काउंटरवरच्या पोरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "पानथरी काढली, १९८९. आणि त्याच्या खाली लिही, परत लागली."

मी दोन्ही ओळी लिहिल्या. पोरीनं वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे दुसरं काय आहे?" बाबा तिला मेटॅडोरपासून सांगायला लागले. रांग मागं दारापर्यंत गेली होती.